‘सत्यम’चा उदय आणि हस्तांतर : एक अभ्यास

संगणक-प्रणाली पुरविणाऱ्या उद्योगाकडे गोदामात मोजता येईल असा माल नसतो. त्याची पत ठरते ती हिशेबांवरून. या दृष्टीने हैदराबादच्या ‘सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ची हकिकत अभ्यासण्याजोगी आहे.

बी. रामलिंग राजू यांनी १९८७ मध्ये या कंपनीची स्थापना केली. परदेशी उद्योगांना सेवा पुरवून तिने झपाट्याने प्रगती केली. २००१ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पोहोचली. पुढे तिची कर्मचारी-संख्या ५० हजारांच्या घरात गेली.

संकट

डिसेंबर २००८ मध्ये राजू कुटुंबाशी संबंधित दोन ‘मेटास’ कंपन्या विकत घेण्याचे संचालक मंडळाने ठरविले. भागधारकांच्या विरोधामुळे हा बेत तत्काळ सोडावा लागला. कागदोपत्री संपत्तीच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा तो अखेरचा प्रयत्न होता, असे राजू यांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात लिहिले. ताळेबंदातील सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुलीही त्यांनी त्यात दिली.

हस्तांतर

कंपनी कोसळल्यास हजारो कुटुंबांची उपजीविका धोक्यात आली असती. म्हणून केंद्र शासनाने जुने संचालक मंडळ दूर करून नवे नेमले. विक्रीवर देखरेखीसाठी माजी सरन्यायाधीश एस. पी. भरुचा यांची योजना करण्यात आली. विश्वसनीय हिशेबच उपलब्ध नसल्याने खरेदीदारांना अंदाजावरच बोली लावावी लागली. १३ एप्रिल २००९ रोजी ‘टेक महिंद्र’ची प्रतिभाग ५८ रुपयांची बोली सर्वोच्च ठरली, ३१ टक्के भागांसाठी ही रक्कम सुमारे १,७५७ कोटी रुपये झाली.

अडचणी तेथेच संपल्या नाहीत. दुरुस्त हिशेब सप्टेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील गुंतवणूकदारांच्या दाव्यात २०११ मध्ये साडेबारा कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. पूर्ण विलीनीकरणास जून २०१३ उजाडला. त्यामुळे ‘सत्यम’चा कारभार पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘टेक महिंद्र’त सामावला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने राजू व अन्य नऊ जणांना दोषी ठरविले.

बोध

लेखापरीक्षकांनी शिल्लक रकमेची खातरजमा थेट बँकांकडून करून घेतली असती, तर हा बनाव फार पूर्वीच उघडकीस आला असता. हा नियम ग्रामपंचायतीलाही तितकाच लागू आहे. रोकडवहीतील शिल्लक बँकेच्या नोंदींशी दरमहा ताडून पाहणे, हे कंटाळवाणे वाटले तरी सार्वजनिक पैशाचे पहिले संरक्षण होय.