अडलेल्या वजाबाकीचे निदान

४२ मधून १७ वजा करावयास सांगितले असता तिसरी-चौथीतील एखादा विद्यार्थी ३५ हे उत्तर लिहितो. त्यावर लाल फुली पडते आणि विषय तेथेच संपतो. वास्तविक हे उत्तर अंदाजाने आलेले नसते. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून मुलाने ७ मधून २ वजा केले आणि ४ मधून १. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावयाचा, हा नियम त्याने प्रत्येक घरात इमानाने पाळला. त्याचे अडले आहे ते वजाबाकीत नव्हे. दशकाच्या घरातील ४ म्हणजे चाळीस, हे त्याला उमगलेले नाही. अशा मुलाकडून तेच उदाहरण पन्नास वेळा गिरवून घेतल्यास चूक तेवढी पक्की होते.

अनुभवी शिक्षक म्हणूनच उत्तर तपासण्यापूर्वी "हे कसे केलेस, ते मोठ्याने सांग," असे विचारतात. अध्यापनशास्त्रात यालाच निदान म्हणतात. त्यानंतरचे उपचारात्मक अध्यापन फारसे खर्चाचे नसते. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलाच्या हाती दिल्या की सतरा काड्या काढण्यासाठी एक गठ्ठा सोडावा लागतो, हे त्याचे त्यालाच दिसते. हातचा हा शब्द त्यानंतर सांगितला तरी चालतो.

काही मुलांची अडचण याहूनही आधीची असते. मराठीत त्रेपन्न म्हणताना तीन आधी उच्चारले जातात, लिहिताना मात्र पाच आधी येतात. साहजिकच मूल ३५ लिहून मोकळे होते. एकोणतीस या शब्दात तीस ऐकू येतात, पण लिहावयाचे असतात २९. कानडी वा तेलुगू भाषेत दशक आधी बोलले जात असल्याने तेथील मुलांना हा व्याप नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'पन्नास तीन' असे संख्यावाचन सुचविले, तेव्हा बरीच टीका व थट्टाही झाली. जुने शब्द जपावेत हे खरेच. पण अडलेल्या मुलासाठी दोन्ही शब्द शेजारी ठेवण्यात भाषेचे काही बिघडत नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम २४ अन्वये प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता पाहून आवश्यक तेथे पूरक मार्गदर्शन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा आली असून पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास त्याच वर्गात ठेवले जाते. तिसरीत न सोडलेला गठ्ठा पाचवीत वर्ष बुडवू शकतो.

द्विशिक्षकी शाळेत वेळ कोठून आणावा, हा प्रश्न रास्तच आहे. दिवसातील एक तास इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जेवढे येते त्यानुसार मुलांचे गट करणे, हा त्यावरचा एक मार्ग. मात्र गटाला 'कच्चा' हे नाव एकदा चिकटले की मूल त्यातून बाहेर पडत नाही. गट थोड्या थोड्या दिवसांनी बदलावेत.

काड्या किती दिवस द्याव्यात, याचीही घाई करू नये. काही दिवसांनी मूल काड्यांऐवजी वहीत रेघा ओढू लागते. पुढे रेघाही कमी होत जातात.