पावतीवर काय लिहिलंय?

तीस वर्षं प्राथमिक शाळेत उभ्याने शिकवलं, त्याची वसुली निवृत्तीनंतर उजव्या गुडघ्याने सुरू केली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाजीची पिशवी घेऊन चढताना दर मजल्याला थांबायचे. अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहून सांगितलं, ‘वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा.’ सहाशे रुपये फी देऊन एवढंच? मला राग आला. त्याच रागात मी एका मोफत शिबिराला गेले. तिथे पडद्यावर झिजलेली कूर्चा पुन्हा गुबगुबीत होत होती. ‘स्टेम सेल थेरपी, ऑपरेशन टळलंच समजा.’ तीन इंजेक्शनांचे नव्वद हजार. मुदत ठेव मोडली.

हातातून रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं, वरचा पिवळसर भाग सिरिंजमध्ये ओढून गुडघ्यात सोडला. दोन-तीन महिने बरं वाटलं. मग पुन्हा पहिल्याच मजल्यावर पिशवी खाली ठेवायची वेळ आली.

माझी भाची पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. तिने पावती हातात घेतली. “मावशी, हे तर पीआरपी आहे. तुझंच रक्त, त्यातला प्लेटलेट जास्त असलेला भाग. मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, घ्यायच्या तर कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, नाहीतर पोटावरची चरबी. कमरेत एवढी जाड सुई घातली असती तर तू विसरली असतीस का?” पावतीवर तीन अक्षरं स्पष्ट होती. मी रक्कम तेवढी वाचली होती.

पण समजा, खऱ्या मूळपेशी असत्या तर? मास्तरकीची खोड, म्हणून वाचत बसले. विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने 1743 मध्येच लिहून ठेवलंय की कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही. तिला रक्तवाहिन्याच नाहीत, दुरुस्तीचं सामान पोचणार कुठून? प्रयोगशाळेत मज्जेतल्या मूळपेशींपासून कूर्चा बनते, हे खरं. अडचण ती टिकण्याची आहे. गर्भात आपली बहुतेक हाडं आधी कूर्चेची असतात, मग त्यांचं हाड होतं. मज्जेतली पेशी तीच वाट धरते: कूर्चा होते, तिथे थांबत नाही, फुगते आणि हाडाकडे निघते. पाक एकतारीवर उतरवायचा असतो, नजर चुकली की गोळीबंद होतो, तसंच. तो एकतारीवर धरून कसा ठेवायचा, याचंच संशोधन चाललंय. शिबिरातल्या पडद्यावर यातलं काही नव्हतं.

अमेरिकेत सुमारे पावणेपाचशे रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2023 मध्ये आला. मज्जा, चरबी आणि नाळ अशा तिन्हींतल्या पेशी गुडघ्यात देऊन पाहिल्या. वर्षभराने दुखणं कमी करण्यात एकही प्रकार साध्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनहून सरस ठरला नाही.

सगळंच थोतांड आहे, असं मात्र नाही. रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशी वाढवून परत बसवण्याचं तंत्र स्वीडनमधल्या डॉक्टरांनी 1994 मध्ये जगापुढे मांडलं आणि ते आजही वापरात आहे. पण ते खेळताना वगैरे कूर्चेला एखाद्या जागी खड्डा पडलेल्यांसाठी, माझ्यासारख्या सरसकट झिजलेल्या गुडघ्यासाठी नाही. गुडघ्याच्या झिजेसाठी दात्याच्या मज्जेतल्या पेशींपासून बनवलेल्या एका औषधाला आपल्याकडे 2022 मध्ये औषध नियंत्रकांची परवानगीही मिळाली. म्हणून ‘स्टेम सेल’ हा शब्द ऐकून पळू नका, पण भुलूही नका. सिरिंजमध्ये नक्की काय आहे, कुठून काढलंय, हे लिहून मागा. मंजूर औषध असेल तर कुपीवर नाव आणि बॅच क्रमांक असतोच. आणि ‘कूर्चा परत येईल’ असं कुणी म्हटलं तर तेही लेटरहेडवर लिहून द्यायला सांगा. माझी खात्री आहे, पेन सापडणार नाही.

मी आता सकाळी खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचे व्यायाम करते, सहा किलो उतरवलेत. अजून दुसऱ्या मजल्यावर एकदा थांबते.

एक सांगायचं राहिलंच: ‘आम्ही चाचणी करतोय’ असं कुणी म्हणालं तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला तिचा क्रमांक विचारा. नेटवर फुकट पाहता येतो. आणि त्या चाचणीच्या उपचाराचेच पैसे मागितले, तर चप्पल घालून सरळ घरी या.