शिपायाने विचारलेला प्रश्न

शास्त्रपाठ : लूक ३:१०-१४, २ शमुवेल ११, १ करिंथ ५:९-१३, ६:९-११



यार्देनेच्या परिसरात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोकसमुदाय आला, जकातदार आले आणि सर्वांत शेवटी शिपाई आले. आपण आता कसे वागावे, हाच तिघांचा प्रश्न होता. योहानाने शिपायांना सैन्य सोडून जाण्यास सांगितले नाही. धाक दाखवून कोणाला लुबाडू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका आणि आपल्या वेतनात समाधानी राहा, एवढेच त्याने सांगितले.

गेल्या वर्षी बंगळुरातील आमच्या मराठी प्रार्थनागटात या उताऱ्याचा अभ्यास झाला. सर्वजण गेल्यावर एक तरुण मागे थांबला. तो सैन्यात आहे व रजेवर आला होता. बराच वेळ तो चपलांच्या रांगेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “काका, माझी ओढ पुरुषांकडे आहे. कोणाशी गैर वागलेलो नाही. पण खरे सांगितले तर नोकरी जाईल, आणि लपवले तर रोज खोटे बोलावे लागते. मी काय करू?” शास्त्राच्या भाषांतरात माझी पंचवीस वर्षांहून अधिक काळ गेली आहेत. त्या सायंकाळी मात्र मला शब्द सापडले नाहीत. मी त्याच्याबरोबर केवळ प्रार्थना केली. आपली लैंगिक ओढ न लपवणाऱ्या व्यक्तीला सैन्यात सेवा करू द्यावी काय, या वादाचा आपण आज शास्त्राच्या प्रकाशात विचार करू. हा वाद एका माणसाच्या भाकरीचा आणि विवेकबुद्धीचा आहे, हे विसरू नये.

१. कायद्याची स्थिती

६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, सज्ञान व्यक्तींमधील संमतीचा खाजगी समलिंगी संबंध हा भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ खाली गुन्हा ठरणार नाही. परंतु सैनिकाला आणखी एक कायदा लागू असतो. १९५० च्या सैन्य अधिनियमात ‘समलिंगी’ हा शब्द नाही; तथापि कलम ४५ अधिकाऱ्याच्या अशोभनीय वर्तनाविषयी आहे, आणि कलम ४६ मध्ये असभ्य किंवा अनैसर्गिक स्वरूपाच्या लांच्छनास्पद वर्तनासाठी सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला आहे.

जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख, दिवंगत जनरल बिपिन रावत यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की, सैन्य ही परंपरा जपणारी संस्था आहे आणि तिच्यात अशा गोष्टींना वाव दिला जाणार नाही. पुढे मेजर जे. सुरेश यांनी सैन्य सोडल्यानंतर, २०२० मध्ये, आपण समलिंगी असल्याचे उघडपणे लिहिले. त्यांच्या जीवनावरून प्रेरणा घेऊन दिग्दर्शक ओनीर यांनी चित्रपटाची संहिता सिद्ध केली. तिला २०२२ मध्ये संरक्षण मंत्रालयाने अनुमती नाकारली. म्हणजे न्यायालयाचे दार उघडले, पण छावणीचे दार बंदच राहिले.

२. शास्त्र काय सांगते?

लेवीय १८:२२ व २०:१३, रोम १:२६-२७ आणि १ करिंथ ६:९ ही वचने आपल्याला ठाऊक आहेत. करिंथच्या पत्रात पौलाने दोन ग्रीक शब्द योजले आहेत. ‘मालाकोई’ याचा मूळ अर्थ ‘मऊ’ किंवा ‘नाजूक’. ‘आर्सेनोकोइताई’ हा शब्द पौलापूर्वीच्या उपलब्ध ग्रीक लिखाणात आढळत नाही. लेवीयच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातील ‘पुरुष’ आणि ‘शय्या’ या दोन शब्दांवरून तो घडला असावा. १९४६ च्या एका प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने दोन्ही शब्दांसाठी मिळून ‘समलिंगी’ अशा अर्थाचा एकच शब्द घातला. पुढे १९७१ मध्ये त्याच भाषांतराने तो बदलला, कारण तो शब्द कृतीऐवजी माणसाच्या स्वभावप्रवृत्तीलाच दोषी ठरवत होता. ओढ आणि कृती यांत फरक आहे, एवढे तरी भाषांतरकाराला यातून शिकावे लागते.

या वचनांचा अर्थ आपल्या बहुतेक मंडळ्यांनी असा घेतला आहे की, देहसंबंधाचे स्थान स्त्री-पुरुषाच्या विवाहातच आहे. काही अभ्यासक निराळा अर्थ लावतात. तो वाद येथे सोडवण्याचा माझा हेतू नाही. परंपरागत अर्थ मान्य करणाऱ्या वाचकालाच मी एक विनंती करतो: पौलाची यादी पूर्ण वाचावी. तिच्यात लोभी, मद्यपी, चहाडखोर आणि लुबाडणारेही आहेत. लोभी मनुष्याला सैन्यातून काढावे, अशी मागणी आपल्या कोणत्याही सभेत झालेली मी ऐकली नाही.

त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी पौल स्पष्ट करतो की, मंडळीबाहेरच्यांचा न्याय करणे हे त्याचे काम नाही. मंडळीने आतल्यांचे पाहावे. मंडळीची शिस्त ही शिष्यांसाठी आहे. भारताचे सैन्य ही मंडळी नव्हे. तेथे हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती, बौद्ध एका ध्वजाखाली उभे असतात. म्हणून ‘हे पाप आहे काय?’ आणि ‘यासाठी शासनाने शिपायाला घरी पाठवावे काय?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर होकारार्थी देणाऱ्यानेही दुसऱ्याचे उत्तर होकारार्थीच दिले पाहिजे, असे नाही. मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी डिसेंबर २०१३ मध्ये हाच भेद केला होता. समलिंगी विवाह त्यांना मान्य नव्हता, पण समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानू नये, असे त्यांनी सांगितले.

३. शिस्तीचा आक्षेप

आता सैन्याचा आक्षेप प्रामाणिकपणे ऐकू. जवान महिनोन्‌महिने एका खंदकात, एका बराकीत राहतात. शेजारच्यावर पूर्ण विश्वास असल्याशिवाय कोणी गोळीसमोर जात नाही. शिवाय हुकूम देणाऱ्याच्या हाती फार मोठी सत्ता असते. तिचा गैरवापर झाला तर कनिष्ठ शिपाई कोणाकडे जाणार? हा आक्षेप पोकळ नाही.

परंतु दुसरे शमुवेल, अध्याय ११ पाहा. राजा दावीद छतावरून एका स्त्रीला पाहतो आणि तिला बोलावून घेतो. तिचा पती उरीया रणांगणावर आहे. पुढे त्याच उरीयाच्या हाती त्याच्याच मरणाचे पत्र दिले जाते. शास्त्रातील सैन्याच्या जीवनात सर्वांत मोठा घात ज्या देहवासनेने केला, ती एका पुरुषाची एका स्त्रीविषयीची वासना होती, आणि तिला धार होती ती सत्तेची. म्हणून शिस्तीचा नियम हवाच. पण तो कृत्यांवर असावा आणि सर्वांना सारखा असावा. बळजबरी, सत्तेचा गैरवापर, कर्तव्याच्या जागी असभ्य वर्तन यांना शिक्षा व्हावी, मग अपराधी कोणीही असो.

‘बाकीचे जवान स्वीकारणार नाहीत’ हे वाक्य महाराष्ट्राने पूर्वी ऐकले आहे. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली. काही जाती जन्मतःच लढाऊ असतात, हा सिद्धांत तेव्हा प्रतिष्ठित होता, आणि वरच्या जातींचे शिपाई त्यांच्याबरोबर राहणार नाहीत, हेही सांगितले जाई. निवृत्त सैनिक गोपाळ बाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी विनंती केली. अखेर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्याच रेजिमेंटचे अधिकारी के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी पुढे लष्करप्रमुख झाले. जात आणि लैंगिक ओढ या एकसारख्या गोष्टी नव्हेत, हे मला मान्य आहे. पण इतरांच्या तिटकाऱ्याला शिस्त हे नाव देण्याची चूक मात्र तीच आहे. ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर उभे राहू दिले नाही, अशा आपल्यातील कित्येकांनी तरी ती ओळखली पाहिजे.

स्त्री अधिकाऱ्यांच्या खटल्यातही ग्रामीण जवान स्त्रीचा हुकूम मानणार नाहीत, असे शासनाने मांडले. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, लष्करी पोलीस दलातील ८३ स्त्री शिपायांची पहिली तुकडी आमच्या बंगळुरातच प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली.

४. योहानाची तीन उत्तरे

योहानाच्या पहिल्या आज्ञेतील ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ ‘जोराने हलवणे’ असा आहे; म्हणजे धाकाने एखाद्याला गदगदा हलवून त्याच्याकडून पैसे काढणे. वाचकहो, ज्याचे गुपित उघड झाल्यास नोकरी जाते, त्याच्याइतका सहज लुबाडला जाणारा दुसरा कोण? दुसरी आज्ञा खोट्या आरोपाविषयी आहे. जेथे केवळ संशयाने माणूस उद्ध्वस्त होतो, तेथे हेवा करणाऱ्याच्या हाती आयते शस्त्र येते. तिसऱ्या आज्ञेतील ‘वेतन’ हा शब्द शिपायाच्या शिध्याचा व पगाराचा आहे. आणि प्रामाणिकपणे सेवा केलेल्याचे वेतन हिरावणे हा शास्त्रात लहान अपराध नाही.

इतर देशांनी या मार्गाची किंमत मोजली आहे. अमेरिकेने १९९३ मध्ये ‘विचारू नये, सांगू नये’ असे धोरण स्वीकारले. २०११ मध्ये ते संपेपर्यंत १३,००० हून अधिक सैनिक काढले गेले. ब्रिटनने जानेवारी २००० मध्ये बंदी उठवली, आणि जुलै २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बडतर्फ झालेल्यांची क्षमा मागितली. ही बंदी उठल्याने त्या देशांची सैन्ये मोडली नाहीत.

माझा निष्कर्ष असा: जो खरे बोलतो, आपले कर्तव्य करतो आणि कोणावर अन्याय करत नाही, त्याला केवळ खरे बोलल्याबद्दल सैन्यातून काढू नये.

५. मंडळीने काय करावे?

कायदा बदलणे आपल्या हाती नाही. पण तो तरुण कायद्याकडे गेला नव्हता, तो प्रार्थनागटात आला होता. आज तो भेटला तर मी त्याला तीन गोष्टी सांगेन. सर्वांसमोर उघड कर, असा आग्रह मी धरणार नाही. कारण नोकरी त्याची जाईल, माझी नाही. घरच्यांच्या आग्रहाने, लपण्यासाठी म्हणून, एखाद्या मुलीशी लग्न करू नकोस. तिच्यावर तो आयुष्यभराचा अन्याय होईल. आणि देवापुढे व एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्यापुढे तुला खोटे बोलावे लागणार नाही, अशी जागा आम्ही राखू.

ती जागा आपल्या मंडळीत आहे काय? कर्नेल्य या शताधिपतीच्या घरी जाण्यापूर्वी देवाने आधी पेत्राला शिकवले, की कोणाही मनुष्याला अशुद्ध म्हणू नये. शिपायाचे मन बदलण्याआधी प्रेषिताचे मन बदलावे लागले.

मननासाठी प्रश्न

१. मंडळीची शिस्त आणि देशाचा कायदा यांत पौल कोणता भेद करतो? (१ करिंथ ५:९-१३)

२. दाविदाच्या पापात वासना किती होती आणि सत्तेचा गैरवापर किती?

३. अशा तरुणाने आपल्याला हा प्रश्न विचारला, तर त्याचे गुपित आपल्याजवळ सुरक्षित राहील काय?