भांडण घरात, युक्तिवाद कोर्टात

अगं, "ताई, दादाशी वाद झाला" एवढंच बोलून तू फोन ठेवलास. म्हणजे झालं काय नेमकं? घरात भांडलात, बसून बोलताना बोलणी फिसकटली, की वकिलाची नोटीस आली? आपण तिन्हीला वादच म्हणतो. पण तिन्हींचे कायदे वेगळे आहेत गं, आणि मावळातल्या लेकींचं नुकसान होतं ते बहुतेक एकाच्या जागी दुसरं केल्यामुळे.

कारण काय, ते तू न सांगताही कळतं. जमीन. आजोबा ज्या खाचरात भर पावसात आवणी करायचे, तिथे आज चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेत. द्रुतगती मार्ग झाला, तळेगावची एमआयडीसी आली, पवनेच्या काठाने आणि लोणावळ्याच्या अंगाने बंगले उभे राहिले. जिथे धड वर्षाचं भात निघत नव्हतं, त्या वरकस माळालाही गिऱ्हाईक आलं. आणि गिऱ्हाईक आलं की सातबाऱ्यावरची बहिणींची नावं एकदम सगळ्यांच्या डोळ्यांत येतात.

मग भाऊबीज येते. ओवाळणीचं ताट अजून पाटाजवळच असतं, करंजी अर्धी खाऊन झालेली असते, आणि वहिनी आतून प्लॅस्टिकची फाइल घेऊन येते. "वन्सं, एवढ्या दोन सह्या. तलाठ्याचं काम आहे." तू विचारतेस, कसलं काम? दादा म्हणतो, "तुझा आमच्यावर विश्वास नाही का?" इथून पेटतं. "तुझ्या लग्नात किती खर्च केला, आठवतंय?" "आणि आईची पाटली कुणाकडे गेली?" झालं, दिवाळीचं वाटोळं.

याला भांडण म्हणतात, आणि भांडण वाईट नसतं. वर्षानुवर्षं साठलेलं एकदाचं बाहेर पडतं. माहेरी भांडता येतं म्हणजे तिथे अजून आपलं कोणी आहे. फक्त भांडणात काही ठरवायचं नाही, एवढं पाळ. रागाच्या भरात "मला तुमचं काही नको" म्हणायचं नाही आणि रडू आलं म्हणून सहीही करायची नाही. "आज सणाचा दिवस आहे, कागद माझ्याकडे दे, वाचून सांगते," एवढं बोल आणि ताट उचलून आत जा.

दुसरा प्रकार म्हणजे खरा वाद. आपल्या जुन्या लोकांनी यावर केवढा विचार करून ठेवलाय! गौतमाच्या न्यायसूत्रांत वादाच्या तीन जाती आहेत. खरं काय ते कळावं म्हणून दोघं बोलतात तो वाद. काहीही करून जिंकायचंच म्हणून बोलतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत बसायचं, ती वितंडा. भाऊबंदकीतली निम्मी बैठक वितंडेत जाते बघ. चुलते म्हणतात हे चालणार नाही, भाऊ म्हणतो ते चालणार नाही. मग चालणार काय, ते कोणीच बोलत नाही.

म्हणून बसायचं ते कागद समोर ठेवून. सातबारा, आठ अ, जुने फेरफार, वडिलांच्या मागची वारस नोंद. पहिला प्रश्न एकच: जमीन वडिलोपार्जित आहे की वडिलांनी स्वतः घेतलेली? वडिलोपार्जित असेल तर 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यात मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे, आणि तो जन्माने आहे. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटप झालेलं असेल, तर ते आता उकरता येत नाही. जमीन वडिलांनी स्वतः कमावलेली असेल तर ती ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर मात्र तुझा वाटा भावाएवढाच.

आता दादाची बाजूही ऐक. आईचं आजारपण त्याने काढलं, सोसायटीचं कर्ज त्याने फेडलं, बांध त्याने राखला. हे खोटं नाही. त्याचा हिशोब मांडायला सांग आणि तुझा तू मांड. ठरावीक रक्कम, एखादा तुकडा, घरातली एक खोली, असं काहीही ठरू शकतं. आणि एक बघ, की बोलतोय तो कोणाच्या वतीने बोलतोय. आपल्याच वडगावात जानेवारी 1779 मध्ये मराठ्यांनी मुंबईच्या इंग्रजांच्या फौजेला कोंडलं आणि तह करून घेतला. मागाहून कलकत्त्याहून गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने तो धुडकावला. म्हणे, मुंबईकरांना तसा तह करायचा अधिकारच नव्हता! तेव्हा मामांनी "मी बघतो, तुझे पैसे देववतो" म्हटलं, तरी ज्याच्या नावावर जमीन आहे त्याची सही असल्याशिवाय ते ठरलं असं धरू नकोस.

तिसरा प्रकार युक्तिवादाचा, आणि इथे सगळं उलटं होतं. भांडणात तू भावाला सुनावतेस, वादात त्याला पटवतेस. युक्तिवादात भावाशी बोलायचंच नसतं, पटवायचं असतं तिसऱ्याला. फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. तलाठ्याला फोनवर "माझी हरकत आहे" म्हटलं, तर त्याचा काही पुरावा राहत नाही. सुनावणीत निकाल विरुद्ध गेला तर वर प्रांताकडे अपील करता येतं. पण सातबारा हा महसुलाचा कागद आहे. मालकीचा शेवटचा फैसला दिवाणी कोर्टच करतं.

वडगावच्या कोर्टात कधी बसून बघ. आधी दावा, मग समोरच्याची कैफियत, मग कोर्ट मुद्दे काढतं, मग पुरावा, उलटतपासणी, आणि हे सगळं संपल्यावर शेवटी युक्तिवाद. आपण घरात सुरुवातच युक्तिवादाने करतो आणि कागद शोधायला निघतो ते सहा महिन्यांनी! कोर्टात आईची पाटली निघत नाही, टोमणे चालत नाहीत. तिथे तारीख, दस्त आणि साक्षीदार बोलतात. आपल्या राज्यात काही दाव्यांत बायकांना कोर्ट फी माफ असते, तुला ती लागू होते का तेही वकिलाला आवर्जून विचार. आणि दावा लावला म्हणजे नातं तुटलंच, असंही नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ मिळतं आणि त्यावर अपील नसतं. म्हणून तिथेही घाईने मान डोलवायची नाही.

राहिला तो फाइलमधला कागद. त्यावर बहुतेक हक्कसोडपत्र असं लिहिलेलं असेल. ते नुसतं नोटरी करून भागत नाही, दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदवावं लागतं. तिथे फोटो निघतो, अंगठा घेतात. म्हणजे "तलाठ्याचं काम" म्हणून घरात घेतलेली सही आणि ते पत्र, यांत फार अंतर आहे. एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र "मला कळलं नव्हतं" म्हणून सहजासहजी रद्द होत नाही. आणि कोरा कागद किंवा कोरा स्टँप समोर आला तर पेन हातातच घेऊ नकोस.

तुला दादासाठी हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोड, मी एका शब्दाने अडवणार नाही. कितीतरी बहिणी मनापासून सोडतात, आणि त्यांचं माहेर टिकतं. पण सोडायचा तो वाचून, किती सोडतोय ते आकड्यात समजून आणि आपल्या पायांनी निबंधकाच्या कचेरीत जाऊन. भाऊबीजेच्या पाटावर बसून नाही.