कर्करोगाची औषध-चाचणी आणि घरची पूरक औषधे



शुश्रूषेला सोपा रुग्ण कोण, हे विनयपिटकातील महावग्गात पाच लक्षणांनी सांगितले आहे. हिताचे तेच करणे, त्यातही प्रमाण ओळखणे, औषध घेणे, आजाराची खरी स्थिती सेवा करणाऱ्याला सांगणे आणि वेदना सोसणे. यातील चौथे लक्षण, म्हणजे खरे सांगणे, हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून कर्करोगाचे पुष्कळ रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात जातात. तेथे काहींना नव्या उपचाराच्या चाचणीत भाग घेण्याविषयी विचारले जाते. केमोथेरपी सुरू झाली की आप्तेष्ट मायेपोटी गुळवेलीचा काढा, हळदीच्या कॅप्सूल, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून देतात. "झाडपाल्याने काय होणार?" असे म्हणून डॉक्टरांना मात्र कोणी सांगत नाही.

यात दुहेरी नुकसान आहे. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. समजा, चाचणीतील रुग्णाचे यकृत असे बिघडले आणि काढ्याची गोष्ट लपून राहिली, तर दोष नव्या औषधावर येतो. रुग्णाचा उपचार थांबतो आणि पुढच्या रुग्णांसाठी निघणारा निष्कर्षही चुकतो.

अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगावरील एका चाचणीत १,१३४ रुग्णांना पूरक गोळ्यांविषयी विचारले गेले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, केमोथेरपीपूर्वी व ती चालू असताना बी-१२ घेणाऱ्यांत रोग उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. मल्टिव्हिटॅमिनबाबत तसा फरक दिसला नाही. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण मनाने गोळी घेऊ नये, एवढे निश्चित कळते. कमतरता असल्यास डॉक्टर स्वतः ती देतात.

पूरक द्रव्ये वाईटच, असेही नव्हे. टाटा रुग्णालयात रेस्वेराट्रॉल व तांबे यांच्या मिश्रणाची जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांत चाचणी झाली. २०२२ च्या अहवालानुसार उलट्या, जुलाब व हातापायांच्या कातडीचा त्रास कमी झाला. रक्तपेशींवरील दुष्परिणाम मात्र कमी झाले नाहीत. ठरावीक मात्रा आणि उघड नोंद होती, म्हणूनच हे दोन्ही कळले.

म्हणून आपण एवढे करावे :

१. प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण यांचे नाव, प्रमाण व तारीख वहीत लिहावी.

२. डबा किंवा पुडी तपासणीला सोबत न्यावी.

३. आमटीतील हळद हा आहार आहे. कॅप्सूलमध्ये तिचा अर्क असतो. दोन्ही एक समजू नयेत.

४. संमतिपत्र आपल्या भाषेत समजून घ्यावे. चाचणीत भाग घेणे ऐच्छिक असून केव्हाही बाहेर पडता येते.

ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, ही तथागतांची शिकवण आहे. रुग्णाला भेटायला जाताना आपण पुडी नेण्याऐवजी ही वही न्यावी. तीही सेवाच होय.

जय भीम!