लिनक्स मशीन सुरू होत नाही? ‘फॉरमॅट मारतो’ म्हणण्याआधी हे वाचा



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. अनेक जुन्या मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. त्यामुळे जुने पार्ट जोडून, त्यावर लिनक्स टाकून छोट्या दुकानांना कॉम्प्युटर देणं हा शहापूर-मुरबाडसारख्या भागात चांगला जोडधंदा होऊ शकतो. आपल्या चॅनेलवर मशीन बांधायची कशी, हे आपण पाहिलं. पण खरी परीक्षा मशीन विकल्यावर असते. पहिला पाऊस, रात्रभर लाईट नाही आणि सकाळी ग्राहकाचा फोन येतो : “मशीन चालू होत नाही.”

आजचा धडा त्या फोननंतरच्या पहिल्या तासाचा.

किन्हवलीकडची एक सकाळ

मुरबाडच्या आपल्या एका विद्यार्थ्याने किन्हवली भागातल्या बियाणं-खताच्या दुकानाला मशीन बांधून दिली होती. जुना बोर्ड, जुनी हार्डडिस्क, आणि मशीन लवकर चालू व्हावी म्हणून स्वतः बनवलेला छोटा कर्नल. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. मशीन आठ महिने मस्त चालली.

जूनमध्ये, भाताचं बियाणं घ्यायची गर्दी ऐन भरात असताना, मशीन बंद पडली. काळ्या स्क्रीनवर ओळी, आणि शेवटी ‘कर्नल पॅनिक’. गावोगावच्या शेतकऱ्यांची उधारी त्याच मशीनमध्ये होती आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. दुकानदार काका म्हणाले, “अरे, मशीन गेली तर दुसरी घेईन. पण वही मी तुझ्या सांगण्यावरून बंद केली.”

पोराने घाबरून मला फोन केला. “सर, फॉरमॅट मारून नवीन टाकू का? तासाभरात होईल.”

मी विचारलं, “चालू करताना पहिल्या स्क्रीनवर काय येतं?”

“काहीतरी एफ-वन दाबा म्हणतं. मी दाबतो, पुढे जातो.”

“आता दाबू नको. बायोसमध्ये जा आणि तारीख वाच.”

तारीख होती १ जानेवारी, आणि साल १० वर्षांहून जुनं. अर्धं उत्तर तिथेच मिळालं. कसं, ते पुढे सांगतो. आधी तपासणीची रीत समजून घ्या.

मशीन चालू होणं म्हणजे रिले शर्यत

बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंत काम एकाकडून दुसऱ्याकडे जातं. बायोस उठतो, तो ग्रबला हाक मारतो, ग्रब कर्नलला उचलतो, कर्नल हार्डडिस्क शोधून जोडतो, मग सिस्टमडी बाकीच्या सेवा सुरू करतो आणि शेवटी डेस्कटॉप दिसतो. काठी कुणाच्या हातातून पडली, एवढंच आपल्याला शोधायचं आहे. कुठे पडली हे कळण्याआधी दुरुस्तीला हात लावू नका.

(खालची नावं उच्चारानुसार लिहिली आहेत. टाइप करताना व्हिडिओत स्क्रीनवर दिसतात तशीच टाइप करा.)

१. स्क्रीनवर काहीच नाही. पंखा फिरतो का? बीप येते का? आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट असते, रॅमचे सोनेरी दात काळे पडतात. मशीनची वायर काढा, रॅम काढा, खोडरबराने दात पुसा आणि पुन्हा नीट बसवा. इथे लिनक्सचा काही संबंध नाही.

२. ‘बूटेबल डिव्हाइस नाही’ असा संदेश. बायोसमध्ये जा. हार्डडिस्कचं नाव दिसतं का? दिसत नसेल तर केबल बदलून बघा. दिसत असेल तर बूटचा क्रम आणि मोड तपासा. मशीन यूईएफआय पद्धतीने इन्स्टॉल केली असेल आणि सेटिंग जुन्या पद्धतीवर गेलं असेल, तर डिस्क चांगली असूनही मशीन उठणार नाही.

३. ‘ग्रब रेस्क्यू’ लिहून थांबली. ग्रबचा छोटा तुकडा सापडला, पण बाकीच्या फाइल सापडल्या नाहीत. पार्टिशन हलवलं, पुसलं किंवा दुसरी डिस्क जोडली की असं होतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून ग्रब पुन्हा बसवता येतो. डेटाला धक्का लागत नाही, फक्त बरोबर डिस्क निवडा.

४. कर्नल पॅनिक, किंवा ‘इनिटरामएफएस’ लिहून थांबली. कर्नल उठला, पण ज्या पार्टिशनवर सगळी सिस्टम आहे ते त्याला सापडलं नाही किंवा जोडता आलं नाही. पॅनिकच्या ओळीत ‘अननोन ब्लॉक’ आणि कंसात शून्य, शून्य दिसलं, तर कर्नलला ते पार्टिशन ओळखताच आलेलं नाही असं समजा. पहिलं काम : ग्रबच्या मेनूमधल्या ॲडव्हान्स्ड पर्यायात जाऊन जुना कर्नल निवडून बघा. जुना चालला तर दोष नव्या कर्नलमध्ये आहे.

५. ‘इमर्जन्सी मोड’ आला. पुष्कळदा दोषी असते एफस्टॅब नावाची फाइल. कोणती डिस्क कुठे जोडायची याची ही यादी. यादीत एखादी बाहेरची डिस्क लिहिली आहे आणि ग्राहकाने ती काढून घरी नेली, तर मशीन तिची वाट बघत अडून बसते. अशा डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घाला, म्हणजे ती नसली तरी मशीन पुढे जाते. लाईट गेल्यामुळे फाइल सिस्टम बिघडली असेल तर एफ-एस-सी-के ही तपासणी चालवा, पण पार्टिशन जोडलेलं असताना कधीच नाही.

६. सगळं झालं, पण डेस्कटॉप नाही. बहुतेक वेळा ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा भरलेली डिस्क. ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीत ‘नोमोडसेट’ घालून बघा. डिस्क पूर्ण भरली असेल तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनची स्क्रीन पुन्हापुन्हा येते.

मग किन्हवलीत काय झालं होतं?

बोर्डवर एक नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर २०३२, ३ व्होल्टची. मशीनला लाईट मिळत असते तोवर ही बॅटरी मेली तरी कळत नाही. दुकानात बोर्डचं बटण कुणी बंद करत नव्हतं, म्हणून आठ महिने निभावलं. त्या रात्री लाईट पूर्ण गेली, बॅटरी मेलेली होती, आणि बायोस आपली सगळी सेटिंग विसरला. तारीख मागे गेली हा त्याचाच पुरावा.

तारखेबरोबर आणखी एक सेटिंग बदललं. हार्डडिस्कचा मोड ‘एएचसीआय’ होता, तो ‘आयडीई’ झाला. आणि आपल्या पोराने कर्नल छोटा करताना फक्त एएचसीआयचा ड्रायव्हर ठेवला होता. कर्नलला डिस्क दिसणार कशी?

त्याने लाइव्ह पेनड्राइव्ह लावला तेव्हा डिस्क लगेच दिसली, कारण त्यातल्या कर्नलमध्ये सगळे ड्रायव्हर असतात. उधारीची फाइल जागेवर होती. आधी ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून काकांच्या हातात दिली. मग बॅटरी बदलली, मोड पुन्हा एएचसीआय केला, तारीख लावली. मशीन उठली.

आता विचार करा, त्याने फॉरमॅट मारला असता तर? नव्या इन्स्टॉलमध्ये पूर्ण कर्नल आला असता, मशीन चालूही झाली असती. सगळे म्हणाले असते, “लिनक्स उडालं होतं, नवीन टाकलं.” उधारी गेली असती, बॅटरी मेलेलीच राहिली असती, आणि खरं कारण कुणाला कधीच कळलं नसतं. उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर होतं असं नाही.

स्वतः कर्नल बनवता? मग हे नियम पाळा

- डिस्ट्रोचा मूळ कर्नल कधीही काढू नका. ग्रबमध्ये तो दुसरा पर्याय म्हणून राहू द्या. या पोराने जागा वाचवायला तो काढला होता, खरी चूक तीच.
- डिस्क आणि फाइल सिस्टमचे ड्रायव्हर कर्नलच्या आतच ठेवा, आणि डिस्कच्या दोन्ही मोडचे ठेवा.
- इनिटरामएफएस वापरणार नसाल तर पार्टिशनची ओळख यूयूआयडीने देऊ नका, कर्नलला एकट्याला ती कळत नाही. पार्टयूयूआयडी द्या.
- मशीन देण्याआधी बायोसची सेटिंग मुद्दाम डिफॉल्ट करून बघा. उठली नाही तर दोष आपल्या टेबलावरच सापडला, ग्राहकाच्या काउंटरवर नाही.

डेटा आधी, दुरुस्ती नंतर

लाइव्ह पेनड्राइव्हवरून डिस्क ‘फक्त वाचण्यासाठी’ जोडा, ग्राहकाच्या फाइल बाहेर काढा, त्याला उघडून दाखवा, मगच पुढचं काम करा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. अशी डिस्क जितकी चालवाल तितकी जास्त बिघडते. ग्राहकाला स्पष्ट सांगा की हे काम माझं नाही, डेटा रिकव्हरीवाल्याचं आहे. असं सांगण्यात कमीपणा नाही.

आता धंद्याची गोष्ट

मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत शहापूरला जायचं म्हणजे पेट्रोल आणि अर्धा दिवस. म्हणून गाडीला किक मारण्याआधी फोनवर चार प्रश्न विचारा :

१. स्क्रीनवर शेवटची ओळ कोणती आहे? फोटो पाठवा.
२. काल काय बदललं? लाईट गेली, अपडेट केलं, काही जोडलं की काढलं?
३. तारीख बरोबर दिसते का?
४. कोणती फाइल गेली तर तुमचं दुकान अडेल?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ग्राहकाला मशीनची काळजी नसते, त्या फाइलची असते.

दुसरं, तपासणीचे पैसे वेगळे सांगा आणि आधी सांगा. ‘फॉरमॅटचे इतके’ असा भाव लावला की आपला हात आपोआप फॉरमॅटकडेच जातो. या पोराने फक्त बॅटरीचे पैसे घेतले, बाकी काही मागायला लाजला. मी त्याला म्हटलं, बॅटरी कुणीही बदलेल. तू काकांची उधारी वाचवलीस, त्या कामाचे पैसे माग.

तिसरं, प्रत्येक मशीनबरोबर तिची कुंडली द्या. एक कागद : बायोसच्या सेटिंगचे फोटो, डिस्कचा मोड, कर्नल कोणता, बॅटरी कधी बदलली, बॅकअप कुठे जातो. एक प्रत मशीनच्या आत चिकटवा, एक आपल्याकडे. जुना बोर्ड असेल तर विकतानाच नवी बॅटरी घाला.

या आठवड्याचा गृहपाठ

आपल्या सरावाच्या मशीनवर, ग्राहकाच्या नाही, बायोसमध्ये डिस्कचा मोड बदला. काय होतं त्याचा फोटो काढा. मोड परत लावा. मग एफस्टॅबमध्ये नसलेल्या डिस्कची एक ओळ घाला आणि इमर्जन्सी मोडमधून बाहेर पडून दाखवा. आपण स्वतः पाडलेली मशीन दोनदा उठवली की ग्राहकासमोर हात थरथरत नाही.

आणि हो, काकांनी वही पुन्हा सुरू केली आहे. दर शनिवारी पेनड्राइव्हवर कॉपी, आणि मोठी उधारी वहीतही. आपल्या पोराला वाईट वाटलं. मी म्हटलं, वाईट कशाला वाटून घेतोस? बॅकअप दोन ठिकाणी असावा हे तू शिकवायला हवं होतंस, ते काकांनी तुला शिकवलं.

भेटूया पुढच्या धड्यात. तोवर पेनड्राइव्ह खिशात ठेवा.