कपाटांतलें ज्ञान आणि इबोलाची सांथ

आपली उत्तरपत्रिका शेजाऱ्यास दाखवूं नये, असें आम्ही शिक्षक तुम्हांस नित्य बजावीत असतों. परंतु सांथीच्या दिवसांत शास्त्रज्ञांनीं हाच नियम पाळला तर काय अनर्थ होतो, तें पाहण्यासारखें आहे.

२०१३ सालच्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेंतील गिनी देशांत इबोला तापाची सांथ उद्भवली व पुढें ती लायबेरिया आणि सिएरा लिओन ह्या शेजारच्या देशांत पसरली. ती शमेपर्यंत ११,००० हून अधिक माणसें दगावलीं. रोग ओळखून जाहीर होण्यासच मार्च २०१४ उजाडला; कारण हा रोग मध्य आफ्रिकेचा, तो इकडे कोठून येणार, अशी समजूत होती. वास्तविक १९८२ सालींच कांहीं युरोपीय शास्त्रज्ञांनीं लायबेरियांतील लोकांचें रक्त तपासून, त्यांत ह्या रोगाच्या जुन्या खुणा सांपडल्याचें आणि तेथील वैद्यांनीं सावध राहावें असें छापिलें होतें. पण सावध होणार कोण? निबंध परदेशी नियतकालिकांत. लेखकांत लायबेरियाचा एकही मनुष्य नाहीं. २०१५ सालीं त्या देशाच्या आरोग्याधिकाऱ्यांनीं लिहिलें कीं, असा एक निबंध मिळविण्यास ४५ डॉलर पडतात, म्हणजे तेथील डॉक्टरांचा सुमारें अर्ध्या आठवड्याचा पगार!

आतां उलट उदाहरण घ्या. सिएरा लिओनमधील केनेमा येथील सरकारी इस्पितळांत डॉ. शेख हुमार खान व त्यांचे सहकारी रुग्णांची शुश्रूषा करीत होते. ७८ रुग्णांच्या रक्तांतून, अमेरिकेंतील शास्त्रज्ञांच्या साह्यानें, विषाणूचे ९९ आनुवंशिक लेख वाचण्यांत आले. असा लेख वाचून काय कळतें? वर्गांत निबंधाची नक्कल झाली, तर चुकांवरून कोणी कोणाचें पाहून लिहिलें हें आम्हांस बरोबर ओळखतां येतें. विषाणूही आपली प्रत काढतांना चुका करतो; त्या चुका ताडून रोगाची वाट शोधतां येते. ह्या तपासणींत असें दिसलें कीं, रोग वारंवार वन्य पशूंपासून येत नसून माणसापासून माणसासच जडत आहे. हे लेख त्यांनीं निबंध छापून येण्याची वाट न पाहतां सर्व जगास खुले केले. निबंध ऑगस्ट २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. तोंपर्यंत त्याच्या लेखकांपैकीं पांच जण इबोलानेंच मरण पावले होते, डॉ. खान २९ जुलैस गेले.

मग सर्वच असें कां करीत नाहींत? मान, बढती, पुढील कार्यास द्रव्य, हीं सारीं प्रथम छापणाऱ्याच्या पदरीं पडतात. आणि आधींच प्रकट झालेलें लिखाण नियतकालिक नाकारील, अशी भीति असते. ही भीति मी क्षुद्र म्हणणार नाहीं. रुग्णाच्या उशाशीं बसून रक्त घेणाऱ्याचे श्रम दूर बसलेल्या दुसऱ्यानें आपल्या नांवावर खपवावे, असेंही घडूं शकतें. शिवाय घाईंत चूक छापली जाण्याचा धोका आहेच. तथापि केनेमाच्या लेखांनंतर कांहीं महिने नवे लेख फारसे कोणी खुले केले नाहींत, आणि नेमकी त्याच महिन्यांत सांथ सर्वांत भडकली होती.

सप्टेंबर २०१५ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या प्रश्नावर बैठक भरविली. सांथीच्या काळीं माहिती त्वरित खुली करणें हीच रीत असावी, असें तेथें ठरलें. आणि प्रमुख नियतकालिकांच्या संपादकांनीं मान्य केलें कीं, माहिती आधीं खुली केली ह्या कारणानें कोणाचाही निबंध परत पाठविला जाणार नाहीं.